जंजिऱ्याच्या नकाशामागचा ठिपका

मी संशयी आहे, असं घरचे म्हणतात आणि भाजीवालीही म्हणते. ओझरच्या विमान कारखान्यात दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासण्यात जन्म गेला. चुकलेली रेघ डोळ्यांत खुपतेच. निवृत्त झाल्यावर मला जुन्या नकाशांचा नाद लागला, त्यातही समुद्रातल्या किल्ल्यांना पडलेल्या वेढ्यांच्या. मधोमध किल्ला, भोवती गलबतं, तोफगोळ्यांच्या तुटक रेघा. नाशिकात समुद्र नाही, म्हणून काय झालं? पहिलाच नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला निघाला. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

म्हणून कुणाला नकाशा द्यायचा झाला, तर आधी मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ठिपका काढते. कुणी बदलून दिला तर कळावं. हे अर्थात कुणाला सांगायचं नसतं.

या नादातले माझे एकुलते एक दोस्त म्हणजे देवळाली कॅम्पातले सुभेदार, तोफखान्यातून निवृत्त झालेले. मी रेघा कशा कोरल्यात ते बघते, ते तोफ कुठवर पोचेल ते बघतात. आमची जुंपते, पण दुसरं कोण ऐकून घेणार? पावसाळ्याआधी त्यांनी माझा जंजिऱ्याच्या वेढ्याचा नकाशा नेला. दिवाळीत परत आणला, मऊ कापडात गुंडाळून. मला तो फारच उजळ वाटला. ते गेल्यावर पालथा केला. ठिपका नव्हता.

नकाशा गेला तर गेला, पण माणूसही गेला की काय? दुसऱ्याच दिवशी न कळवता बसने कॅम्पात गेले. त्यांच्या खोलीत एक नवी फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. म्हटलं, सापडला चोर. ते चहा टाकायला आत गेले आणि मी फ्रेम फिरवली. आत माझ्या नकाशाची झेरॉक्स होती. तोफांचा मारा कुठवर जाईल, ते तिच्यावर लाल पेनाने आखलेलं.

एवढ्यावर गप्प बसले असते तर ती मी कसली? चहा येताच विचारलं, "नकाशाच्या मागे, कोपऱ्यात एक ठिपका होता..."

"तो व्हय! बुरशी पुसताना दिसला. कुना येड्यानं एवढ्या जुन्या कागदाला पेन्सिल लावली व्हती, ताई. लय हलक्या हातानं खोडला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फिरवलेल्या फ्रेमकडे.

"तुम्हीच काढला व्हता का?"

मी मान खाली घालून चहा प्यायले. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि थंडीचा विषय काढला.

संक्रांतीला मी त्यांचा सगळ्यात लाडका नकाशा मागितला. त्यांनी लगेच दिला, हसत दिला. घरी येऊन सवयीने पालथा केला. त्यांचे नकाशे मी आधीही आणले होते, मागची बाजू नेहमी कोरी असायची. या वेळी कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. फार लागलं मला.