माझी बॅग त्याच्या डिकीत

पाणचक्कीच्या हौदाकाठी वडाच्या सावलीत बसून मी मासे बघत होते, तेवढ्यात मुलाचा पुण्याहून फोन आला.

"आई, तू आहेस कुठं?"

आवाज असा, की जणू मी घर सोडून पळाले होते. मी म्हटलं, पाणचक्कीला आहे, छान गार वाटतंय.

"एकटीच?"

आता दुसरं कोण असणार होतं? नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. नाशिकहून निघाले तेव्हा एकटीच निघाले होते, हे त्याला ठाऊक होतं. अजिंठा, वेरूळ, देवगिरीचा किल्ला, सगळं एकटीनं बघून झालं होतं आणि हा शेवटचा दिवस होता. संध्याकाळची गाडी होती. मग त्यानं सांगितलं की लॉजच्या मॅनेजरनं त्याला फोन केला होता. आई सकाळीच बाहेर पडल्या, कुठं गेल्या काही बोलल्या नाहीत, आम्हाला काळजी वाटली. खोली घेताना घरच्या कुणाचा तरी नंबर मागितला म्हणून मी मुलाचा दिला होता. अपघातबिपघात झाला तर असावा म्हणून. मी चहा प्यायला बाहेर पडले तरी त्याला कळवावं म्हणून नव्हे.

"मी आतेभावाला सकाळीच सांगून ठेवलंय, आता तिकडं पाठवतो," मुलगा म्हणाला. "तिथंच थांब."

"कशाला?" मी विचारलं, पण त्यानं फोन ठेवला होता.

माझ्या नणंदेचा मुलगा शेंद्र्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. थोड्याच वेळात तो आला. पाया पडला आणि म्हणाला, "मामी, एकट्याच कुठं फिरू लागल्या उन्हात? आम्ही काय मेलो होतो व्हय? चला, घरी जेवण तयार आहे."

मी म्हटलं, "मला लेणी बघायची आहेत. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली."

"वेरूळ बघितलं ना? मग त्या लेण्यांत काय ठेवलंय? नुसते दगड."

हेच वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघं इथं आलो होतो, तेव्हा मकबऱ्याच्या बागेत उभं राहून नवरा अगदी असंच म्हणाला होता, आणि आम्ही परत फिरलो होतो. पण आता तो नव्हता, त्याचा भाचा होता, आणि तरी वाक्य तेच!

"माझी बॅग लॉजवर आहे," मी म्हटलं. "आधी ती घ्यायची आहे." वाटलं, लॉजवर उतरेन आणि तिथूनच त्याला वाटेला लावेन.

"ती आणली की. डिकीत आहे."

मला आधी नीट कळलंच नाही. माझी बॅग, माझ्या कपड्यांची, औषधांची, आत माझे आतले कपडेसुद्धा. मॅनेजरनं ती एका अनोळखी पुरुषाच्या हातात दिली होती, कारण तो म्हणाला, मी भाचा आहे. मला विचारायला एक फोन केला नाही. माझा नंबरही त्याच रजिस्टरमध्ये होता, मुलाच्या नंबरच्या वरच.

मी गाडीत बसले. का बसले, तर बॅग गाडीत होती म्हणून. तो बोलत होता. आधी पैठणीच्या दुकानात नेतो, मग घरी, मग दुपारी जरा पडा, संध्याकाळी मीच स्टेशनवर सोडतो. माझा दिवस तो चादरीसारखा घडी घालून ठेवत होता. मुलाचा पुन्हा फोन आला, तो माझ्या नव्हे, भाच्याच्या मोबाईलवर. "हो, बसल्या गाडीत. तू निवांत राहा." मी शेजारी बसलेली असताना!

क्रांती चौकात सिग्नल लागला. मी दार उघडून खाली उतरले.

"मामी! अहो मामी, काय करता?"

"डिकी उघड."

"अहो, सिग्नल सुटेल."

"सुटू दे. डिकी उघड, नाहीतर मी इथंच ओरडेन."

मागून हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकलवाला म्हणाला, "क्या हुआ मौसी?" भाच्याचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं डिकी उघडली. मी बॅग ओढून काढली आणि रस्त्याच्या कडेला गेले. तो गाडी बाजूला घेऊन मागं आला. "मी काय वाईट केलं, सांगा ना. बायकोनं सकाळपासून पुरण घातलंय." त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता, आणि त्यामुळं मला जास्तच संताप आला. म्हटलं, "तुझ्या बायकोची मी माफी मागेन. तुझी नाही." आणि रिक्षात बसले.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना बॅग खांद्यावरून घसरत होती आणि मी मोठ्यानं मुलाला, मॅनेजरला, मेलेल्या नवऱ्यालासुद्धा बोलत होते. वर आले तेव्हा घसा कोरडा पडला होता. एका लेण्यात आतल्या भिंतीवर एक बाई नाचताना कोरलेली आहे. भोवती वाजवणाऱ्याही सगळ्या बायकाच. मी बॅग खाली ठेवली आणि बराच वेळ तिथं उभी राहिले. राग गेला नाही. पण इतका वेळ तो मला फरफटवत होता, आता शेजारी उभा राहिला.

संध्याकाळी रेल्वेत बसल्यावर मुलाशी बोलले. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील? भर चौकात तमाशा केलास." मी म्हटलं, "माझी बॅग माझ्या परवानगीशिवाय कुणी घेतली, हे तुला तमाशा वाटत नाही?" तो म्हणाला, "काळजीपोटी केलं." काळजी हा शब्द आमच्या घरात कडीसारखा वापरतात, बाहेरून लावायला. ते मी त्याला सांगितलं. त्यानं फोन बंद केला. नंतर आम्ही गॅस, पाणी, नातवाची परीक्षा सगळं बोललो, पण हा विषय अजून दोघांनीही काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याच्या बायकोला फोन केला. पुरणाबद्दल माफी मागितली.

"जाऊ द्या मामी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "लेणी कशी आहेत? मी लग्न होऊन आल्यापासून इथंच आहे, पण गेले नाही कधी."

"मग जा की. रिक्षा थेट पायथ्यापर्यंत जाते."

ती हसली. "एकटीला कोण जाऊ देतंय?"

मागून भाच्याचा आवाज आला, "कुणाचा फोन आहे?" आणि ती घाईघाईनं म्हणाली, "ठेवते मामी."

मी हातात फोन धरून तशीच बसले. कालच्यापेक्षा जास्त चिडले होते.