अडतीवरची खोली

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नांदेडात माझं काही चालत नव्हतं. म्हणून ड्रॉइंग बोर्ड पोत्यात गुंडाळला, एस.टी.च्या टपावर टाकला आणि लातूरला आलो. घरांचे, प्लॉटांचे नकाशे काढून देणं हा माझा धंदा. नवा जिल्हा म्हटल्यावर नव्या वसाहती होणार, नकाशे लागणारच, एवढाच माझा विचार. तसाच विचार पुष्कळांनी केला होता. वकील, टायपिंगवाले, एजंट, सगळे एखादी खोली मिळते का म्हणून हिंडत होते. सरकारी खातीही हिंडत होती, कारण त्यांनाही बसायला जागा नव्हती.

त्यात दुष्काळ. घरमालक आधी जात विचारायचे, मग धंदा, आणि मग, "लोकं किती येतील?" मला वाटायचं, गर्दीची कटकट नको असेल. एका बाईंनी मात्र दारातूनच स्पष्ट सांगितलं, "आलेला माणूस पाणी मागतोच की. आमालाच प्यायला न्हाई, तुमच्या गिऱ्हाइकाला कुठून देऊ?"

त्यानंतर मी आधीच सांगू लागलो, "माझ्याकडे लोक फारसे येत नाहीत." धंदा सुरू करायला निघायचं आणि आपल्याकडे कुणी येणार नाही हे दारोदार पटवत फिरायचं. संध्याकाळी लॉजच्या खाटेवर पडलो की पायांपेक्षा तोंडच जास्त दुखल्यासारखं वाटे.

शेवटी गंजगोलाईच्या बाजाराजवळ एका अडत दुकानाच्या वर खोली मिळाली. मालक साठीच्या घरातले लिंगायत व्यापारी. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. खोलीत ते सरकीची पेंड ठेवत.

"पेंड संपली," ते म्हणाले. "खानारी जनावरं बी बाजारात गेली. खोली रिकामीच हाय. भाड्याचं बघू, पण घरातलं पाणी मागायचं न्हाई."

"नाही मागणार," मी म्हणालो. "पण मला मधेच उठवू नका. पुन्हा जागा शोधायचं त्राण नाही माझ्यात."

त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "न्हाई उठवत."

खोलीला चुना मारायचा तर पाणी लागणार, म्हणून तो राहिला. कोरड्या केरसुणीने भिंती झाडल्या. तरी पेंडीचा भुगा छतातून ट्रेसिंगच्या कागदावर गळतच राही, आणि माझ्या सदऱ्याला तेलकट वास लागला तो लागलाच. पंधरवड्यातून एकदा नांदेडला जायचो तेव्हा बायको आधी सदरा भिजत घालायची, मग विचारायची, "चाललंय का काही?" मी म्हणायचो, "चाललंय." खरं म्हणजे लोक चौकशी करून जात. बांधायलाच पाणी नव्हतं, तर नकाशा काढून कोण ठेवणार?

दुपारी बोळात टँकर येई. अप्पांच्या मंडळींचे, म्हणजे काकूंचे, गुडघे धरले होते, आणि पोरं सोलापूरकडे नोकरीला. त्या भिंतीला धरून घागरी सरकवायच्या. वरून बघत बसणं जमेना, म्हणून एक दिवस उतरलो आणि त्यांच्या घागरी घेऊन रांगेत उभा राहिलो. बायकांनी कालवा केला, "ह्यो बाप्या कुठून घुसला?"

ओट्यावरून काकू ओरडल्या, "आमच्यातलाच हाय त्यो!"

पुढे ते रोजचंच झालं. पाणी भरून झालं की काकू एक तांब्या माझ्या हातात देत. अट मोडली म्हणून कुणीच काही बोललं नाही.

आणि मग एका खात्याचे साहेब माडी बघून गेले. त्यांना वरचा सगळा मजला हवा होता. त्या संध्याकाळी अप्पा वर आले, स्टुलावर बसले. बोर्डावरचा नकाशा उगाच निरखत राहिले. मला कळलं.

"कधी रिकामी करू?" मीच विचारलं.

"सरकार हाय, बाबा. त्यास्नी न्हाई कसं म्हणू?" ते म्हणाले. "महिनाअखेर बघा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. पुन्हा ती दारं, पुन्हा तेच प्रश्न, एवढंच डोळ्यांपुढे आलं आणि मी सामान बांधायला पोतं शोधू लागलो.

थोड्या वेळाने दुकानामागच्या अप्पांच्या घरातून काकूंचा आवाज चढला. नवरा-बायको भांडताना कानडीत बोलत. मला कानडी येत नाही. 'नीरू', म्हणजे पाणी, एवढाच शब्द कळला. तो बऱ्याचदा आला.

सकाळी अप्पा दुकानाचं फळकूट काढता काढता म्हणाले, "वरचं त्यास्नी कागद करून दिलं. आता फिरवता येत न्हाई. जिन्याखाली वजनाचा काटा ठेवतो ती जागा तुम्ही घ्या. उभं ऱ्हायला येनार न्हाई, बसायला येतंय."

मी बसलो. उभं राहायला गेलो की डोकं पायरीला आपटे. दिवसभर डोक्यावरून कारकुनांच्या चपला चढत-उतरत. पण वर आलेल्या माणसाला नकाशा लागला की कारकून सांगे, "खाली जिन्यात बसतो तो बघा." खोलीत असताना जे काम आलं नव्हतं, ते जिन्याखाली येऊ लागलं. आनंद म्हणावा असा झाला नाही. पाठ वाकून गेली होती आणि दिवा दिवसाही लावावा लागे. पण पुढच्या पावसाळ्यानंतर बांधकामं सुरू झाली आणि बायकोला लातूरला आणण्याइतपत बरं चाललं.

म्हणजे पुन्हा घर शोधणं आलं. मी रजिस्टर ऑफिसच्या वाटेवर एक घर पाहिलं होतं, पण विचारायला जायचं टाळत होतो. काकूंना ते उमगलं असावं. एका सकाळी काठी घेऊन त्याच माझ्याबरोबर निघाल्या. घरमालकाच्या ओट्यावर बसल्या, चहा घेतला, गावातल्या सोयऱ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाल्या, "ह्यांची मंडळी येनार हाय, न्हाणी कुठं हाय ते दाखव." जागा देणार का, असं त्यांनी विचारलंच नाही. घरमालक उठून न्हाणी दाखवायला गेला. मी अंगणातल्या बाजेवर टेकलो. मला कुणी काही विचारलं नाही. किती तरी दिवसांनी मी नुसता बसून होतो.