चोक ओढला की नीट चालते

आमची डिटॅचमेंट चौदा हजार फुटांवर होती. अकरा जवान, दोन गाड्या, एक पेट्रोल जनरेटर आणि एक वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एक बेंच आणि मी. सहाला बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटवायची, साडेसहाला चहा, सातला गाड्यांची इंजिनं गरम करायची. आठ वाजता मी हात बगलेत घालून बेंचसमोर उभा असायचो आणि हवालदार विलास जगदाळे दारातून विचारायचा, "बाळ्या, काम सुरू झालं की अजून प्रार्थनाच चालू आहे?"

विलासही माझ्यासारखाच ग्वाल्हेरचा. त्याचं घर बिर्ला नगरात, माझं नया बाजारात. दोघांचेही पूर्वज कधीकाळी दख्खनेतून भाले घेऊन इकडे आले. आमच्या हाती पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आले. युनिटमधले साताऱ्याकडचे जवान आमच्या मराठीला हसायचे. म्हणायचे, तुमचं वाक्य पुण्याहून निघतं आणि आग्र्याला उतरतं. विलास त्यांना सांगायचा, "उतरतं ना? तुमचं तर स्टेशनवरच पडून राहतं."

आता थोडं तांत्रिक, पण सगळी फजिती त्यातूनच झाली म्हणून सांगतो. उंचावर हवा विरळ. इंजिनला हवा कमी मिळते, पेट्रोल मात्र तेवढंच जातं. त्याला आम्ही 'रिच' म्हणायचो. काळा धूर, काळा प्लग, इंजिनला धाप. इलाज ठरलेला. कार्ब्युरेटरमध्ये पितळेचा एक जेट असतो, मण्याएवढा. त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. तो काढायचा आणि लहान भोकाचा घालायचा. तीन वर्षं मी हेच केलं. लोक म्हणतात नोकरी हाडात मुरते. माझ्या ती डोक्यात शिरली आणि दुसऱ्या कशाला जागा ठेवली नाही.

हे सगळं परवा पुन्हा वर आलं ते विलासच्या मोटरसायकलमुळे.

विलासला जाऊन अकरा वर्षं झाली. साडेतीनशे सीसीची त्याची गाडी तेव्हापासून बिर्ला नगरातल्या घराच्या जिन्याखाली उभी होती, ताडपत्रीखाली. त्याची बायको सुनंदावहिनी तिला कोणाला हात लावू देत नसत. त्याची मुलगी मनू आता पंचवीसची आहे, बँकेत लागली आहे. तिने या हिवाळ्यात आईची परवानगी काढली आणि गाडी उघडली. टाकी धुतली, वायर बदलल्या, इथवर ठीक. मग मोबाईलवरचे व्हिडिओ बघून जुना सायलेन्सर काढून मोकळा बसवला, फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर लावला. गाडी दिसायला झकास झाली. चालायला तयार नाही. थोडी पळते, मग गचके, मग कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा फट्ट आवाज, मग बंद.

वहिनींनी मला बोलावलं आणि चहा ठेवून सरळ सांगितलं, "भाऊजी, रविवारी ह्यांच्या दगडावर जायचंय. गाडी चालली तर मी मनूच्या मागे बसून जाईन. नाही चालली तर सोमवारी भंगारवाला येतोय. मला हे असं अर्धवट बघवत नाही. बंद होती तेव्हा बरी होती."

दगड म्हणजे डबऱ्याच्या अलीकडे, विलासच्या मूळ गावच्या शाळेबाहेरचा स्मृतिस्तंभ. त्या दिवशी बुधवार होता.

"वहिनी, दोन तासांचं काम आहे," मी म्हणालो.

निवृत्त फौजी माणसाने असं वाक्य बोलू नये, हे मला निवृत्त झाल्यावर बऱ्याचदा कळलंय.

मी प्लग काढला. काजळीसारखा काळा. माझा चेहरा उजळला. "रिच आहे," मी मनूला म्हणालो. "पेट्रोल जास्त जातंय. लहान जेट घालू."

"पण काका, मी वाचलं की मोकळा सायलेन्सर लावला तर जेट मोठा लागतो."

"वाचलंस. मी केलंय."

माझ्याकडे वरून आणलेले जेट होते, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सगळे लहान. डॉक्टरकडे एकच गोळी असली की सगळ्या पेशंटना तोच आजार होतो, तसं झालं. मी जेट बदलला, किक मारली, गाडी सुरू झाली. मनूला मागे बसवून मी सराफा बाजाराच्या दिशेने निघालो. खरं तर जायचं कारण नव्हतं. लोकांनी बघावं एवढंच.

सराफ्यात, ऐन गर्दीत, गाडीने एक गचका दिला, फट्ट केलं आणि मेली. वीस किका मारल्या. दागिन्यांच्या दुकानाबाहेर बसलेला एक म्हातारा उठून आला. "फौजी हो?" त्याने माझ्या मिशीकडे बघून विचारलं. मी हो म्हणालो. "तो फिर धक्का लगाओ, भाई. मोर्चा मत छोड़ो." मनू हसून हसून फुटपाथवर बसली. मग दोघांनी ढकलली. बिर्ला नगर सराफ्यापासून किती लांब आहे हे मला त्या दिवशी पायांनी कळलं.

गुरुवारी मी आणखी लहान जेट घातला. गाडी आता सुरूच होईना. शुक्रवारी फ्लोट तपासला, पेट्रोलचा नळ तपासला, कॉईल बदलली. वहिनी दारात येऊन उभ्या राहायच्या, गाडीकडे बघून आत जायच्या. तसं उभं राहणं मला कोणत्याही कमांडिंग ऑफिसरच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. संध्याकाळी मी मूळचा जेट परत घातला आणि गुडघा धरून घरी आलो.

शनिवारी गुडघा सुजला. मी नया बाजारात खाटेवर. अकरा वाजता मनूचा फोन.

"काका, मी रिंगरोडला घेऊन आलेय. फोन इंजिनजवळ धरते, ऐका."

ऐकलं. भों-ओं... भों-ओं... इंजिन चढत होतं, पडत होतं. मग एकदम आवाज सरळ झाला. एका लयीत.

"काय केलंस?"

"कुछ नहीं, चोक थोडा ओढला. काका, चोक ओढला की नीट चालते. मी आधीपण असंच चालवायचे, नाहीतर चलती ही नहीं."

मी खाटेवर उठून बसलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, वर असताना, एका सकाळी सहा चाळीसला पुढच्या पोस्टचा वायरलेस आला. जनरेटर बंद, सेटच्या बॅटऱ्या उतरत आहेत, मेकॅनिक पाठवा. जायचं काम माझं होतं. मला दोन दिवस ताप होता. विलास म्हणाला, "तू सेटवर बस. मी हात, तू डोकं. तसंही तुझे हात कोणाला नकोच आहेत." सात दहाला तो निघाला. बरोबर लान्स नायक दिलबहादूर आणि शिपाई रामकेश. सव्वा नऊला पोहोचले.

वायरलेसच्या नेटवर मराठी बोलायला बंदी होती. आमच्या कॅप्टन साहेबांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही.

"बाळ्या, सुरू होतोय, पण वरखाली करतोय. ऐक. ओव्हर."

त्याने हँडसेट जनरेटरजवळ धरला. भों-ओं... भों-ओं.

"चोक अर्धा दे. ओव्हर."

"चोक ओढला की नीट चालतो. ओव्हर."

चोक ओढला म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. तेवढ्याने नीट चालतो, म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. लीन. उंचीवर सगळं रिच असतं, पण पेट्रोलमध्ये पाणी शिरलं होतं आणि जेटच्या भोकात बर्फ धरला होता.

"जेट काढ. तार घालू नको, भोक मोठं होईल. तोंडात धर, बर्फ विरघळेल. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"पेट्रोल लागतंय. ओव्हर."

"मग काय पेढा लागणार? ओव्हर."

सगळी पोस्ट हसली. मला ते हसू हँडसेटमधून ऐकू आलं. नऊ पन्नासला जनरेटर सरळ चालू लागला. मी त्याला सांगितलं, दहा मिनिटं लोडवर चालव, मगच निघ. ते नियमात आहे. कोणीही तेच सांगितलं असतं. दहा पाचला ते तिघे परत निघाले. दहा पस्तीसला नाल्याच्या वळणावर हिमकडा सुटला. संध्याकाळपर्यंत आम्ही खणत होतो. मी तापातच खणत होतो. कोणी थांबवलं नाही.

जनरेटर पुढे सगळा हिवाळा चालला.

"काका? हॅलो? आहात ना?"

"आहे. मनू, मी गाढव आहे."

"हे आई बुधवारपासून म्हणतेय."

मी तिला समजावलं. मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर, म्हणजे हवा जास्त. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त हवं. गाडी लीन होती. ती चोक ओढून चालवत होती, म्हणून प्लगवर काजळी. मी काजळी बघितली, कारण बघितलं नाही. ग्वाल्हेर सातशे फुटांवर आहे. मी मात्र अजून चौदा हजारांवरच बसलो होतो. तिथून उतरावंसं मला कधी फारसं वाटलं नाही, हेही खरं.

"म्हणजे मी वाचलं ते बरोबर होतं," मनू म्हणाली.

"होतं. आता परत बोलू नको. नया बाजाराच्या मागे सुट्या पार्ट्सचं दुकान आहे. आत्ता आहे त्याच्यापेक्षा दोन नंबर मोठा जेट घे आणि माझ्याकडे ये."

ती आली. मी खाटेवर बसून सांगितलं, तिने केलं. तिचे हात बापाचे आहेत, घाई न करणारे. जेट बसवला, पेट्रोल आणखी थोडं जावं म्हणून कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली. मग मी तिला गाडी थ्रॉटल पूर्ण उघडून मैदानापर्यंत न्यायला सांगितली, तिथे एकदम बंद करून प्लग काढायला सांगितला. तिने फोटो पाठवला. प्लगचं टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं. हाच रंग हवा असतो. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "नातवाचा फोटो आला तेव्हा एवढं नव्हतं बघितलं."

रविवारी साडेसातला मी भाच्याच्या कारमधून दगडापाशी पोहोचलो. गुडघ्याला पट्टा, कोटावर मेडल. शाळेचे मास्तर आणि गावातले पाच-सहा लोक आधीच आले होते. आठला पाच मिनिटं कमी असताना झाशी रस्त्यावरून आवाज आला. मोकळ्या सायलेन्सरचा, पूर्वीपेक्षा मोठा आणि थोडा उद्धट. पण लय सरळ. एकही शिंक नाही.

मनूने गाडी आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं. वहिनी मागे एका बाजूला पाय घेऊन बसल्या होत्या. एक हात मनूच्या उजव्या खांद्यावर. त्या उतरल्या नाहीत. मनूने स्टँड लावला, तरी तशाच. मास्तर फुलं घेऊन पुढे यायला लागले, त्यांना मी हाताने थांबवलं. रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले. एक कुत्रं येऊन चाक हुंगून गेलं.

मग वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्यापेक्षा हळू चालवते."

"आई, साठ होते मी!"

"तेच म्हणतेय."

आणि उतरल्या.

फुलं वाहिली. मास्तरांनी नाव वाचलं. त्या दगडावर एकच नाव आहे, गाव त्याचं म्हणून. बाकी दोघांचे दगड त्यांच्या त्यांच्या गावी असतील. मी कधी गेलो नाही. जायला हवं होतं. म्हणून इथे आल्यावर सॅल्यूटच्या आधी ती नावं मीच तोंडाने घेतो.

लान्स नायक दिलबहादूर. बासरी वाजवायचा, वाईट वाजवायचा.

शिपाई रामकेश. वय बावीस. त्याचे मोजे नेहमी दुसऱ्या कोणाचे असायचे.

हवालदार विलास जगदाळे, बिर्ला नगर, ग्वाल्हेर. रजा मंजूर होती. पुढच्या मंगळवारपासून.