वैजूचं टायट्रेशन, कांद्याच्या वासावर

परवा आमच्या विट्याच्या कॉलेजात बीएस्सी फर्स्ट इयरची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सकाळपासून लॅबभर कांद्याचा वास... आणि त्याला कारण मी आणि माझी विद्यार्थिनी वैजू.

वैजयंताला जन्मापासून दिसत नाही. वडील केरळात एका गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायच्या दुकानात कामाला. दिवाळीला घरी आले की तेजाबात चांदी कशी विरघळते आणि सोनं कसं मागं उरतं, हे लेकीला रंगवून सांगायचे. तिथनंच तिला केमिस्ट्रीचं वेड लागलं.

ती ॲडमिशनला आली तेव्हा आम्ही सगळे जरा चाचरलोच. थिअरी ती रेकॉर्डिंग ऐकून करेल, पण प्रॅक्टिकल? टायट्रेशन म्हणजे सगळा रंगाचा खेळ... गुलाबी द्रावणात थेंब थेंब ॲसिड सोडायचं आणि रंग गेला त्या क्षणी थांबायचं. स्टाफमध्ये ठरलं, हिच्यासाठी प्रॅक्टिकलची सवलत मागू.

मी तिला तसं सांगितलं, तर शांतपणे म्हणाली, "आवं मॅडम, सवलत घेऊन पास व्हईन मी. पण मला ते करून बघायचं हाय."

मग मी शोधाशोध सुरू केली. कांदा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजत घातला की त्याचा वास दबतो, आणि पुरेसं ॲसिड पडलं की परत येतो! म्हणजे रंगाऐवजी वासावर थांबता येतं. ॲसिड मोजून सोडायच्या काचेच्या ब्युरेटच्या जागी सिरिंज घेतली. लॅबमधल्या शिंदेमामांनी सिरिंजच्या दांड्यावर बारीक खाचा पाडून दिल्या, वैजू त्या नखानं मोजायची. तिची पार्टनर आफरीन शेजारी उभी राहून फ्लास्क हलवायची. वर्षभर दोघींच्या ओढण्यांना कांद्याचा वास...

परवा साताऱ्याहून एक्स्टर्नल सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाही म्हणाले नाहीत, पण शंका चेहऱ्यावर दिसत होती. ॲसिड त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलं. ते किती तीव्र आहे हे वैजूनं शोधायचं.

पंखे बंद केले. वैजू दांडा एक खाच पुढं ढकलायची, हातानं हवा नाकाकडं घ्यायची, थांबायची... बऱ्याच वेळानं म्हणाली, "आला."

सरांनी खाचा मोजल्या, हिशोब केला आणि मान डोलावली. "थोडा फरक आहे, पण चालेल." माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वैजू म्हणाली, "सर, ह्ये रीडिंग धरू नका."



"मगाशी दारातनं कुणीतरी चहा घेऊन गेलं. तवा कांद्याचा वास आला का न्हाई, मला नीट कळलं न्हाई. मी जास्त ढकललं असणार. परत करते."

"अगं, मार्क दिलेत मी तुला," सर म्हणाले.

"मार्काचं न्हाई सर. रीडिंग चुकीचं हाय."

आफरीननं नवा फ्लास्क भरला. वैजूनं पहिल्यापासून सगळं परत केलं, आणि या वेळी एक खाच आधीच थांबली. मग सरांनी तेच ॲसिड ब्युरेटमध्ये घेऊन रंगावर स्वतः करून बघितलं... उत्तर वैजूच्या उत्तराशी जुळलं.

उत्तर आधी काढून मग आकडे मागनं बसवणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघत आलेय. मार्क पदरात पडल्यावर स्वतःचं रीडिंग खोडणारी मुलगी पहिल्यांदा बघितली. आणि हिला सायन्स जमेल का, यावर आम्ही मीटिंग घेतली होती.

निघताना सर दारात थांबले. म्हणाले, "यंदा आमच्याकडं असाच एक मुलगा आला होता. दिसत नाही म्हणून आम्ही त्याला आर्ट्सला पाठवला. त्याला बोलावून घेतो. ती सिरिंज जरा दाखवता का... आणि कांदा किती वेळ भिजवायचा?"

मी तोंड उघडणार, तोवर वैजूच पुढं होऊन समजावून सांगायला लागली. सर मोबाईलमध्ये एकेक लिहून घेत होते.

आफरीन, शिंदेमामा, तुमचे मनापासून आभार. आणि वैजू... तू माझी विद्यार्थिनी आहेस, हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटणार आहे.