निकोच्या आजीचा डबा

माझं पोस्टिंग वाळवंटातल्या एका तळावर होतं. अमेरिकन आर्मी, ट्रकची तुकडी, हुद्दा स्पेशलिस्ट, म्हणजे सार्जंटच्या खालचा. नागपूरचा मुलगा आर्मीत कशाला गेला, हे अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय शहरातल्या मराठी काकूंना आजही कळलेलं नाही. पाचला उठायचं, सहाला गाड्या तपासायच्या. मग मी आणि सार्जंट निको बॉनेटवर बसून टोस्ट खायचो. त्याची आजी ते सायप्रसहून पाठवायची. बडीशेप घातलेले, इतके कडक की कॉफीत बुडवल्याशिवाय दात लागायचे नाहीत.

डबा निळा, पत्र्याचा. तो संपत आला तेव्हा मी म्हणालो, "निको, आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. माझी आई लाडू भरून देईल."

"मग गावी येऊन आजीला तूच दे. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

शेवटचा टोस्ट आम्ही एका सकाळी अर्धा अर्धा खाल्ला. ६.४० ला कॉन्व्हॉय निघाला. निको पहिल्या गाडीत, मी तिसऱ्या. ७.१५ ला स्फोट झाला. रेडिओवर आवाज आला, "लीड व्हेइकल हिट. मेडिक पाठवा." मी धावत पोचलो तेव्हा निको गेला होता.

डबा माझ्या सामानातून ट्रॉयला आईच्या घरी आला आणि नऊ वर्षं कपाटात राहिला. सुट्टी मिळत नाही, असं मी आईला सांगायचो. खरं तर त्या म्हातारीसमोर धडधाकट उभं राहायची मला भीती वाटत होती. या उन्हाळ्यात आईनेच बेसनाचे लाडू वळून डबा भरला.

"तिकीट बुक कर. ती बाई किती दिवस थांबेल रे?"

निकोचं गाव डोंगरात, सगळं दगडाचं. घरं, पायऱ्या, गल्ल्यासुद्धा. गाडी खालीच ठेवावी लागली. निकोची मावशी वाट दाखवत पुढे चालली. आजी द्राक्षाच्या वेलाखाली बसली होती. तिने डबा लगेच ओळखला, मांडीवर घेतला आणि एकच गोष्ट विचारली. मावशीने ती इंग्रजीत सांगितली. "त्या दिवशी तो उपाशी गेला का?"

"नाही, आजी. तुमचाच टोस्ट खाऊन गेला." मी मराठीतच बोलून गेलो. मग इंग्रजीत पुन्हा सांगितलं. आजीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मी नऊ वर्षांचं रडून घेतलं.

निघताना तिने डबा परत दिला. जड लागला. आत टोस्ट. म्हणजे त्यांच्यातही तसंच.

आता रोज सकाळी ६.४० ला मी एक टोस्ट मोडतो. अर्धा माझा, अर्धा सार्जंट निकोचा. डबा संपत आलाय. आईने बेसन आणून ठेवलंय.