बासिलियाचे तीन बाण

गारेपासून पीक राखायचं काम सरोवरातल्या आमच्या बेटावर दरवर्षी एका जोडप्याकडे असतं. त्या वर्षी ते बासिलिया वांका आणि तिचा नवरा सेवेरो यांच्याकडे आलं. बटाटा फुलात आला की डोंगराच्या माथ्यावरून आभाळावर नजर ठेवायची, आणि गारेचा ढग डोक्यावर आला की गावाने वर्गणीतून आणलेले, वात पेटवून उडवायचे आवाजाचे बाण सोडून तो फोडायचा. ढग फुटला नाही तर बटाटा गेला, म्हणजे वर्षभराचं खाणंच गेलं. त्यात सेवेरो खाणीत कामाला गेलेला. एकटी बाई काय राखणार, अशी गावात कुजबुज होती, आणि त्यात माझा आवाज जरा मोठाच होता. माझं शेत सगळ्यांत वर आहे. गार उतरते ती आधी माझ्याच डोक्यावर.

बासिलियाचा धंदा पाहुण्यांना बेट ओलांडून न्यायचा. दक्षिणेच्या धक्क्यावर त्यांना बोटीतून उतरवून घ्यायचं, डोंगरमाथ्यावरून चालत उत्तरेच्या टोकावरच्या इंकांच्या पडक्या भिंती दाखवायच्या आणि आमच्या गावातून संध्याकाळच्या बोटीत बसवायचं. वाट माथ्यावरूनच जाते, म्हणून आमचा गावप्रमुख हेर्वासिओ याने तिला राखणीच्या महिन्यांतही परवानगी दिली होती. "डोळे आभाळावर ठेव," एवढंच तो म्हणाला होता.

त्या दिवशी मी दक्षिणेकडच्या बहिणीकडून परत येत होते, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. माझ्या पोराला बासिलियाने बाप्तिस्म्यात धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. पाहुणे दोघंच होते. सांताक्रूसच्या सपाटीवरचे एर्लानसाहेब, निवृत्त माणूस, आणि त्यांची मुलगी निल्दा. साहेब सारखे पुढे पळत होते.

"साहेब, हळू," बासिलिया म्हणाली. "इथे हवा विरळ आहे."

"बाई, मी रोज सकाळी फिरतो."

"सपाटीवर फिरता," मी म्हटलं. "इथे गाढवंसुद्धा चढावर थांबून विचार करतात."

निल्दा हसली. साहेबांना ते लागलं आणि ते आणखी पुढे गेले. म्हाताऱ्या पुरुषांना थांबा म्हटलं की हेच होतं.

दुपारी सरोवराच्या पूर्वेला ढग दिसला. वरून काळा, पोटाकडे पांढरट, आणि आतून घरघरणारा. बासिलियाने माझ्याकडे बघितलं. तिच्या पाठीवरच्या गाठोड्यात तीन बाण होते.

"सोड ना एक," मी म्हटलं.

"डोक्यावर येऊ दे. लांबून सोडलेला बाण वाया जातो, कोमाद्रे, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. पण खाली माझी जांभळी फुलं वाऱ्यात डोलताना दिसत होती, आणि माहीत असून धीर धरता येत नव्हता.

आम्ही भिंतींपाशी पोचलो. तिथे खोलीतून खोली निघते, दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय जाता येत नाही, आणि शेवटच्या दाराबाहेर थेट कडा आहे. बासिलिया वरच्या चौथऱ्यावर चढून ढग बघत राहिली. "माझ्याशिवाय आत जाऊ नका," असं तिने दोघांनाही बजावलं होतं. पण एवढ्यात पाण्यावरून धुकं चढून आलं आणि बघता बघता समोरची भिंतही दिसेना.

"पप्पा कुठे आहेत?" निल्दाने विचारलं.

साहेब आत गेले होते.

बासिलिया आत शिरली, हाका मारत फिरली आणि एकटीच बाहेर आली. पुन्हा गेली, पुन्हा तसंच. त्या भिंतींत आवाज फिरतो. हाक उजवीकडून आली असं वाटतं आणि माणूस डावीकडे असतो. निल्दा ओरडून ओरडून घोगरी झाली होती.

"असं कळायचं नाही," बासिलिया म्हणाली. "वर आभाळात आवाज झाला तर त्यांना दिशा कळेल." आणि तिने गाठोडं सोडलं.

मी तिचा हात धरला. "ते गावाचे आहेत."

"माहीत आहे."

"घरघर ऐक, ढग कुठे आलाय. हातातोंडाशी आलेला घास आहे, बासिलिया. माझा एकटीचा नाही, सगळ्यांचा."

"मग तू जाऊन त्या पोरीला तसं सांग."

मी निल्दाकडे बघितलं आणि बासिलियाचा हात सोडला. राग मात्र गेला नाही. ज्या माणसाला कुणी आत जायला सांगितलं नव्हतं, त्याच्यापायी माझ्या पोरांनी वर्षभर काय खायचं? हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि आजही म्हणते.

पहिला बाण सणसणत गेला, वर फुटला. उत्तर नाही. दुसरा गेला. मग खूप खालून, पाण्याच्या बाजूने, साहेबांचा आवाज आला, "निल्दा!" आणि दगड घसरल्याचा आवाज. नंतर काहीच नाही.

बासिलियाने तिसरा बाण हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. ढगाची घरघर आता डोक्यावर येऊ लागली होती.

"हा गावाचा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हा तरी गावाचा राहू दे."

निल्दा नुसती खाली बसली, दोन्ही हात कानांवर ठेवून. तिने गयावया केली असती तर मी कदाचित घट्ट राहिले असते. मी बासिलियाच्या हातातून बाण घेतला, माझ्या काडेपेटीतली काडी ओढली आणि वात पेटवली.

तो फुटल्यावर थोड्या वेळाने साहेब बुटक्या दारातून रांगत बाहेर आले. गुडघे फुटलेले, ओठ निळे. "आवाज... वरून," एवढंच त्यांना बोलता आलं. निल्दाने त्यांना मिठी मारली आणि त्याच क्षणी पहिली गार माझ्या टोपीवर आदळली.

बासिलिया उघड्यावर धावली. शाल हवेत फिरवत, शिट्ट्या मारत ती गारेला शिव्या देत राहिली. "चोरा, निघ इथून! पाण्यात पड!" गारांनी तिचे हात लाल झाले. मी दगडाआडून बघत होते. तिला आत ये म्हणावंसं मला वाटलं नाही.

गार थांबल्यावर आम्ही खाली उतरलो. माझ्या शेतात एकही झाड उभं नव्हतं. फुलं चिखलात मिसळली होती. खालच्या शेजाऱ्यांचं अर्धं गेलं होतं. त्याखालचं वाचलं होतं. गाव बांधावर जमलं होतं, आणि आम्ही दिसताच हेर्वासिओ पुढे आला. त्याने बासिलियाच्या ओंजळीत मानाची कोकाची पानं दिली.

"तिन्ही बाण ऐकले आम्ही," तो मऊ आवाजात म्हणाला. "तू तुझं काम केलंस. कधी कधी ढग ऐकत नाही."

बायकांनी माना हलवल्या. कालपर्यंत कुजबुजणाऱ्याच त्या. बासिलियाने नुसती मान हलवली असती तरी सगळं तिथेच मिटलं असतं. मी तिच्याकडे बघत होते, आणि गप्प राहा, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

तिने पानं परत त्याच्या हातात ठेवली.

"मी ढगावर सोडले नाहीत," ती म्हणाली. "हा माणूस धुक्यात हरवला होता. त्याच्यासाठी सोडले. गार आली तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं."

साहेब मुलीच्या खांद्यावर रेलून खाली बघत होते. हेर्वासिओचा चेहरा दगडासारखा झाला. "सेवेरोला बोलावून घे," तो म्हणाला. "माफी जोडीने मागायची असते."

"तो येईपर्यंत मी मागते." बासिलियाने टोपी काढली आणि माझ्या शेताच्या कडेला, चिखलात, गुडघे टेकले. शेजारी नवऱ्याची जागा तिने सोडली होती. त्या रिकाम्या जागेकडे सगळे बघत होते, आणि कुणीतरी नाकातून हसलं.

मी माझ्या पाठीवरचं गाठोडं खाली ठेवलं आणि त्या जागेत जाऊन गुडघे टेकले.

"तू कशाला?" हेर्वासिओ म्हणाला. "तुझंच तर गेलंय सगळं."

"तिसरा बाण मी पेटवला."

आमच्याकडे रीत अशी की ज्याचं नुकसान सगळ्यांत जास्त, त्याने पहिला हात देऊन माफी मागणाऱ्याला उठवायचं. त्याने उठवल्याशिवाय दुसऱ्या कुणी उठवायचं नाही. लोक वाट बघत राहिले. हेर्वासिओही थांबला होता. गारा गुडघ्यांखाली वितळत होत्या आणि बासिलियाची मान वर होत नव्हती. मी डोकं वळवून माझ्या शेताकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. राग होताच. मग मी उठले, तिच्यासमोर गेले आणि तिला हात दिला.