बुडत्या राजाचा पाव आणा

खोटं नाणं ओळखायला मी मोबाइलवर शिकलो. कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की बसची वाट बघताना व्हिडिओ बघायचे आणि दौंडला घरी येऊन देवघरातली जुनी नाणी भिंगाखाली धरायची. टांकसाळीत ठसा चुकलेल्या नाण्याला शौकीन लोक चांगली किंमत देतात, म्हणून काही लोक घरी बसून चुका तयार करतात, एवढं मला कळलं होतं. म्हणजे बरोबर निम्मं. पण निम्मं कळलेला माणूस गप्प बसत नाही.

माझी आत्या खुटबावला दिलेली. तिच्या नवऱ्याकडं, म्हणजे मामांकडं, तांब्याचा एक पाव आणा होता. एका बाजूला राजाचा चेहरा नेहमीसारखा उठलेला. दुसऱ्या बाजूला, जिथं किंमत नि साल असायचं, तिथंही तोच राजा, पण उलटा आणि आत गेलेला, ओल्या मातीत कुणी तोंड दाबून उठावं तसा. मामांच्या वडिलांना तो मेंढरं विकताना मिळाला होता. पुढं घरानं मेंढरं सोडून शेती धरली, तरी नाणं राहिलं, कारण त्याला काम होतं. मामा आणि त्यांचे दोन पुतणे यांची विहीर सामाईक. उन्हाळ्यात पाण्याची पहिली पाळी मामांची की पुतण्यांची, हे पाडव्याला विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडतं त्या दगडी कुंडीवर, हे नाणं उडवून ठरायचं. ‘उठता’ म्हणजे वरचा राजा, ‘बुडता’ म्हणजे आतला. हरणाऱ्यानं आठ दिवस मोटर लावायची नाही आणि त्यावर शब्दही काढायचा नाही. कधी कुणी काढलाही नव्हता.

त्या पाडव्याला मी पुरणपोळी खायला गेलेलो. मामांनी लागोपाठ तिसऱ्या वर्षी पाळी जिंकली. थोरला पुतण्या हसत म्हणाला, “आप्पा, ह्यो राजा तुमचंच ऐकतो का काय?”

मामाही हसले. विषय तिथंच मिटला होता. मी खिशातून भिंग काढलं.

“मामा, हे टांकसाळीतलं नाही. व्हाईसच्या लोखंडी जबड्यात दोन नाणी एकावर एक ठेवून दाबलीत.”

“माझ्या बाच्या वक्ताला कुठला आला व्हाईस, भाचेबुवा?”

“लोहाराकडं असेल की.”

“म्हंजी बनवून घेतलंय?” पुतण्यानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“बनवलेलंच. आणि असं दाबलेलं नाणं एका अंगाला जड पडतं.”

हे शेवटचं वाक्य कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. ते मला तिथंच सुचलं आणि कानाला बरं वाटलं म्हणून मी बोलून टाकलं.

“करून दावा,” पुतण्या म्हणाला.

मी दाखवलं! आठवड्यात कंपनीतल्या फिटरला चहा पाजून दोन पाव आणे व्हाईसमध्ये आवळून घेतले आणि खुटबावला घेऊन गेलो. वीसेक माणसं जमली होती. माझ्या नाण्यावर आत गेलेला राजा उमटला होता खरा, पण पुसट आणि अर्धाच. त्याच्याखालून मूळचे आकडे डोकावत होते आणि पलीकडच्या राजाचं नाक चेपलं होतं. मामांच्या नाण्यावर यातलं काहीच नव्हतं. दोन्ही चेहरे रेखीव, आकड्यांचा मागमूस नाही. हे मला दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. पण वीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, “जुन्या लोकांच्या हाताला सफाई होती.”

मामांनी एवढंच विचारलं, “म्हंजी माझा बा खोटारडा, आन् मी बी?”

पुतण्यांनी पाळी मोडली. महिन्याच्या आत विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बोअर घेतलं आणि विहिरीनं तळ गाठला. मामांची काकडी वेलावरच वाळली.

जूनमध्ये शिरूरला एका लग्नात निवृत्त मास्तर भेटले. चाळीस वर्षं नाणी जमवणारे. मी त्यांना पाडव्याला मोबाइलवर काढलेले मामांच्या नाण्याचे फोटो दाखवले आणि खिशातला माझा पराक्रमही.

“हे अस्सल दिसतंय,” फोटो मोठा करत ते म्हणाले. “आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं. त्याच्याखाली नवी कोरी चकती आली. तिच्या एका अंगावर ठसा बसला आणि दुसऱ्या अंगावर ते चिकटलेलं नाणं. चकती कोरी होती, मग आकडे कुठून दिसणार? आणि हे तुमचं, हे नाक चेपलेलं, हे फेकून द्या.”

“पण एका अंगाला जड पडत असेल ना?”

“असं कोण मूर्ख म्हणतो?”

“आमच्या कंपनीत आहे एक जण.”

नाणं हातात दिलं तर लिहून देतो, असं मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी खुटबाव गाठलं. वाटेत आधी थोरला पुतण्या भेटला. त्याला सगळं सांगितलं.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “पाडव्याला खोटं म्हणला, आता खरं म्हणताय. फुडच्या महिन्यात काय म्हणताल? आन् आमच्या बोअरला लागलंय पाणी. आता ते खरं आसून मी काय करू?”

मामा काकडीच्या रानात तारेवरचे वाळके वेल ओढून काढत होते. मी धापा टाकत म्हणालो, “मामा, नाणं खरं आहे. द्या माझ्याकडं, शिरूरहून लिहून आणतो.”

“मला म्हाईत व्हतं की. लिहून कुणाला दावायचंय?”

“लोकांना कळेल.”

“माझा बा खोटा म्हणलास तवा ईस माणसं व्हती,” मामा म्हणाले. “आज एकलाच आलायस.”

बोलावतो सगळ्यांना, असं मी म्हणालोही. ते ऐकलं न ऐकलंसं करून मामा पुढच्या सरीला गेले. काय करावं सुचेना, म्हणून मीही एक वेल ओढायला लागलो. तो तारेसकट आला.

“ऱ्हाऊ दे,” मामा मागं न बघता म्हणाले. “तुझी शिफ्ट आसंल.”